पिठल्याला पिवळा कुठला?

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत अलीकडे बांधलेल्या कुठल्याही घराच्या स्वयंपाकघरात डोकावा. ओट्यामागच्या भिंतीवर कॉफीचा कप दिसेल. पांढरा शुभ्र कप, त्यातून निघालेली वळणदार वाफ, शेजारी सांडलेल्या कॉफीच्या बिया. त्या घरात कॉफी कोणी पीत नाही. सकाळी उठल्यावर चहा, नऊला चहा, कोणी आलं की चहा, आलेला जायला उठला की पुन्हा अर्धा कप चहा. पण टाइलवर कॉफी. कॉफी नसलीच तर काळी द्राक्षं, उंच मानेची एक बाटली आणि दोन नाजूक पेले. माळकरी आजोबा त्या बाटलीखाली बसून गवार मोडतात. बाटलीत काय आहे हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही, आणि नातसुनेचा मान राखून त्यांनीही विचारलेलं नाही.

या टाइलला दुकानात ‘हायलायटर’ म्हणतात. साध्या टाइल्समध्ये मधेमधे ती बसवायची, म्हणजे किचनला ‘लूक’ येतो. माल येतो गुजरातेतल्या मोरबीहून. देशातल्या बहुतेक टाइल्स तिथेच भाजल्या जातात, त्यामुळे घोडनदीकाठच्या बाईने फोडणी देताना कशाकडे बघायचं हे मोरबीत ठरतं. मी एका दुकानदाराला विचारलं, “वांगं-भाकरीची नाही का एखादी?” त्याने कॅटलॉग उलटा-सुलटा केला आणि म्हणाला, “वांगं आहे की दादा, ‘व्हेजिटेबल’मध्ये. पण त्याच्याबरोबर ब्रोकोली घ्यावी लागंल. सुटं वांगं येत नाय.”

टाइल्सची हद्द संपली की कॅलेंडरांची सुरू होते. ‘कालनिर्णय’ 1973 साली निघालं आणि मराठी स्वयंपाकघरातलं सर्वांत जास्त बघितलं जाणारं चित्र ठरलं. त्या चौकोनांत दुधाचे खाडे असतात, सिलिंडर लावल्याची तारीख असते, भिशीची पाळी असते. पाककृतीही असतात, पण पानाच्या मागच्या बाजूला, म्हणजे पदार्थाचं तोंड कायम भिंतीकडे. त्याच्या शेजारी पतसंस्थेचं कॅलेंडर. त्यावर चेअरमन, व्हाइस चेअरमन आणि समस्त संचालक मंडळ. बाई मिरच्या भाजत असतात आणि फेटे बांधलेली ती सगळी मंडळी एकटक बघत असतात. पलीकडे साखर कारखान्याचं कॅलेंडर, तिथेही तेच फेटे, कारण माणसंही बऱ्याचदा तीच. श्रावणात त्यांच्या जोडीला जिवतीचा कागद चिकटतो. त्यावर नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण, लेकुरवाळ्या जरा-जिवंतिका आणि बुध-बृहस्पती एवढी गर्दी असते. देव आहेत, पुढारी आहेत, परदेशी फळं आहेत. त्या ओट्यावर रोज जे शिजतं त्याला मात्र त्याच्याच भिंतीवर जागा नाही.

याचं नवल अशासाठी की स्वयंपाकघराचं चित्र आयुष्यात कधीच काढलं नाही असा शाळा शिकलेला माणूस महाराष्ट्रात सापडणं अवघड. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांनी आपल्या कित्येक पिढ्या जलरंगात बुडवून काढल्या आहेत. वस्तुचित्राच्या पेपरला वर्गाच्या मधोमध बाक, बाकावर चुण्या पाडलेलं कापड, कापडावर तांब्या, त्याला टेकून एक वांगं आणि एक कांदा. पोरं गोल करून बसलेली. ज्याच्या वाट्याला वांग्याचा देठ आला तो नशीबवान, ज्याच्या वाट्याला नुसता तांब्याचा मागचा भाग आला तो ‘सी’ ग्रेडचा मानकरी. पेपर सुटला की वांगं कोण नेतं यावरून शिपाईमामा आणि चित्रकलेचे सर यांच्यात दरवर्षी अबोला. ग्रेड मिळाली की दहावीला वाढीव गुण मिळतात आणि गुण मिळाले की रंगपेटी माळ्यावर जाते. पुढे चाळीस वर्षं ते वांगं फक्त भरून खायचं.

आता मात्र जलरंगातल्या खाद्यचित्रांची हवा आली आहे. वास्तुशांतीला भिंतीवरच्या घड्याळाऐवजी चौकटीतलं चित्र द्यायचं, किचनमध्ये लावायचं. आमच्या शिरूरच्या वहिनींनी नवं घर बांधलं, तेव्हा त्यांच्या पुण्याच्या भाचीने असं एक चित्र आणलं. अर्धं कापलेलं अॅव्होकाडो. बी जागेवर. वहिनींनी ते हातात धरून बराच वेळ पाहिलं. “चांगलंय,” म्हणाल्या, “पण कच्चं दिसतंय.” मग माझ्याकडे वळल्या, “भाऊजी, तुम्ही रंग घेऊन बसता ना रिकाम्या वेळात? आपलं काहीतरी काढून द्या. पिठलं-भाकरी काढा. सोपं असंल.”

सोपं! ज्यांना वाटतं की गुलाबाचं फूल रंगवणं अवघड, त्यांनी एकदा पिठलं रंगवून बघावं. बारा नळ्यांच्या पेटीत दोन-तीन पिवळे असतात आणि पिठलं त्यातल्या कशातच नसतं. लेमन यलो लावला तर वाटीत लिंबाचं सरबत घट्ट झालेलं दिसतं. गँबोज लावला की आमरस होतो आणि बघणारा पुरी शोधायला लागतो. यलो ऑकर म्हणजे आपली पिवडी. ती लावली तर नुकतीच सारवलेली भिंत. शेवटी गँबोजचा पातळ हात द्यायचा, तो वाळला की वरून पिवडीचा, आणि कडेला, जिथे पिठलं कढईला धरतं, तिथे तांबूस तपकिरी. त्यातून हिरवी मिरची डोकावली पाहिजे, मोहरी दिसली पाहिजे. मोहरीचे ठिपके जास्त झाले की लोक म्हणतात, “पीठ चाळून घेतलं नव्हतं का?”

बाजरीची भाकरी तर त्याहून वरची परीक्षा. हा पर्जन्यछायेचा मुलूख, इथे भाकरी बाजरीची. तिचा रंग कोणत्याही नळीवर लिहिलेला नाही. राखाडी म्हणावा तर त्यात हिरवट झाक, हिरवट म्हणावा तर मातकट. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना एकत्र केले की जो करडा रंग होतो, त्यात पिवडीचं बोट बुडवलं की भाकरीच्या जवळपास पोचता येतं. भाकरीसाठी निळा रंग लागतो, हे वहिनींना पटवायला मला भाकरी रंगवण्यापेक्षा जास्त वेळ लागला. वरचं कोरडं पीठ दाखवायला जवळजवळ कोरडा ब्रश खरखरीत कागदावरून ओढायचा. पापुद्र्याची कड उजळ ठेवायची, कारण जलरंगात पांढरा रंग लावत नाहीत, कागदच मोकळा सोडतात. तव्याचे काळे डाग शेवटी. एवढं सगळं करून चित्र टेबलावर ठेवलं. शेजारच्या काकू आल्या, म्हणाल्या, “कासव छान काढलंय.”

तेव्हा वहिनींनी कणकेचा हात धुतला आणि ब्रश मागितला. मी ओला हात मारून ठेवला होता, त्यावर दुसरा रंग टाकायला निघालो होतो. “थांबा. अजून ओलंय.” मी थांबलो. “आता टाका. आता! गेलं की वाळून.” मी उशीर केला होता. कडेला फुलकोबीसारखा डाग उमटला. भाकरी तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवतात. ते पाणी असतानाच उलटली तर चिकटते, पार वाळल्यावर उलटली तर भेगा पडतात. मधला जो क्षण असतो तो पुस्तकात लिहिलेला नाही, आणि जलरंगाची सगळी विद्या त्याच क्षणाची आहे. कलाशाळेत पोरांना जे उमजायला वर्षं जातात, ते या बाईच्या तळहाताला लग्नाआधीपासून ठाऊक होतं. पुढची भाकरी त्यांनीच रंगवली. ती कोणालाही कासव वाटली नाही.

यानंतर घरात उत्साह संचारला आणि शेंगोळ्यांची फर्माईश आली. हुलग्याच्या पिठाची वळलेली वेटोळी, लसणाच्या तपकिरी रश्शात शिजलेली, तपकिरी मातीच्या भांड्यात वाढलेली. तपकिरीत तपकिरी, वर तपकिरी. पेटीतला बर्न्ट अंबर संपला, रॉ अंबर संपला, आणि पुतण्या म्हणाला, “काका, गोगलगायी किती काढल्यात!” मग मासवडी. हा मात्र चित्रकाराच्या सोयीचा पदार्थ. बेसन शिजवून ओल्या फडक्यावर थापतात, त्यावर भाजलेलं खोबरं, तीळ, खसखस, कांदा, लसूण यांचं सारण पसरतात, फडक्यानेच वळतात आणि वड्या कापतात. कापलेल्या वडीला बाहेर पिवळी किनार, आत काळपट सारण, खाली लाल रस्सा. रंगसंगती आयती. पण चित्र पुरं होईना, कारण सारण पाहून घरात दोन तट पडले. वहिनींचं माहेर जुन्नरकडचं. तिकडच्या सारणात काय असतं आणि इकडच्यात काय नसतं, यावर चर्चा रात्रीपर्यंत चालली. अखेर वडीचं तोंड पलीकडे फिरवून चित्र काढलं. आता त्यात नुसता पिवळा लांबोळका दिसतो, पण घरात शांतता आहे.

कोणी म्हणेल, असल्या मातकट जेवणाचं कशाला चित्र काढायचं? त्यांना व्हॅन गॉगचा दाखला द्यावा. त्याने 1885 साली दिव्याच्या उजेडात बटाटे खाणारं शेतकरी कुटुंब रंगवलं. चित्राचा रंग कसा, तर न सोललेल्या, धूळ लागलेल्या बटाट्याचा, असं तो स्वतःच म्हणाला. आज ते चित्र बघायला लोक ॲमस्टरडॅमला विमानाने जातात. बटाट्याच्या सालीला एवढा मान, तर हुलग्याने कोणाचं काय घोडं मारलंय? मी हे वहिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, “त्यांनी नुसते उकडूनच खाल्ले का? फोडणी नाही?” युरोपच्या कलेवरची इतकी नेमकी टीका मी दुसरीकडे वाचलेली नाही.

जलरंगाला पाणी लागतं, आणि पाण्याचा विषय निघाला की हे दोन तालुके वेगळे होतात. शिरूरच्या पश्चिमेला केंदूर-पाबळ पट्ट्यात उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. तिथे ब्रश धुवायला दुसऱ्यांदा पाणी मागणाऱ्या चित्रकाराकडे लोक ज्या नजरेने बघतात, त्या नजरेनेच रंग वाळतो. दौंडकडे खडकवासल्याचा कालवा आहे, पण तिथे ‘आवर्तन’ नावाची देवता आहे. ती प्रसन्न झाली तर चित्रही ओलं आणि ऊसही ओला. न झाली तर दोन्हीकडे नुसती बैठक.

शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याकडे निघालं की वाटेत भीमा ओलांडायची. पलीकडे मावशीचं गाव. दौंड तालुका गुऱ्हाळांचा. चुलवणात चिपाडं धडधडत असतात, काहिलीत रस उकळत असतो, मळी काढायला भेंडीचं पाणी घातलेलं असतं आणि मैलभर आधीपासून वास येतो. चित्रकाराला यापेक्षा काय हवं? रस आधी हिरवट, मग पिवळा, मग केशरी, मग लाल आणि थंड झाला की पक्का तपकिरी. एका काहिलीत अख्खी रंगपेटी. मी बांधावर बसून ढेप रंगवली, बर्न्ट सिएना आणि थोडा किरमिजी. मावशीचे यजमान मागे येऊन उभे राहिले. त्यांचा जन्म गुळात गेलेला.

“पिवळा मारा,” ते म्हणाले.

“अहो काका, ढेप तर लाल आहे.”

“हाये लाल. पर लाल गूळ बाजारात कोन घेतंय? गिऱ्हाइकाला पिवळाधमक लागतोय.”

खरंच आहे. गिऱ्हाइकाला पिवळा लागतो म्हणून पुष्कळ ठिकाणी रसात हायड्रोस घालून तो उजळवतात. मूळचा गूळ काळसर, लालसर. म्हणजे इथे चित्रकार नंतर येतो, गुळाला रंग बाजाराने आधीच देऊन ठेवलेला असतो. मी विचारलं, घरी कुठला खाता? काका हसले आणि आतून काळीभोर ढेप घेऊन आले. चित्रात मी बाजाराची पिवळी आणि घरची काळी अशा दोन्ही ढेपा शेजारीशेजारी काढल्या. ते चित्र मावशीच्या स्वयंपाकघरात आहे. बघायला येणारा प्रत्येक जण पिवळीकडे बोट दाखवून म्हणतो, “ही चांगली आलीय.”

याच तालुक्यातलं यवत. तुकोबांची पालखी पंढरपूरला जाताना इथे मुक्कामाला असते आणि गाव वारकऱ्यांना पिठलं-भाकरीचं जेवण देतं. पिठलं मोठमोठ्या कढयांत शिजतं, भाकऱ्या घरोघरच्या चुलींवरून येतात. सगळ्या हातांची भाकरी एका ठिकाणी आली की कळतं, या तालुक्यात दोन भाकऱ्या एका रंगाच्या नाहीत. मी वही उघडून उभा राहिलो. कढईची कड काढून होते न होते तोच एका ताईंनी माझ्या वहीवरच पत्रावळ ठेवली. “माऊली, लिवायचं मागून. आधी बसा.” मी चित्र काढतोय म्हटल्यावर त्यांनी वहीत पाहिलं आणि पिठल्याचा आणखी एक पळा वाढला. त्यांना वाटलं, भुकेने हात थरथरतोय.

आता या चित्रांच्या प्रकृतीबद्दल. जलरंग आणि स्वयंपाकघर यांचं जन्माचं वैर आहे. कागदाला वाफ चालत नाही, रंगाला ऊन चालत नाही आणि दोघांनाही फोडणी चालत नाही. खर्डा वाटला की माणूस शिंकतो, चित्राला तीही सोय नाही. तेलाचा थर बसत जातो आणि दोन दिवाळ्यांत पिठल्याचा झुणका होतो. सावळाराम हळदणकरांचं हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं जलरंगातलं सुप्रसिद्ध चित्र इतकी वर्षं तेजाळ राहिलं, याचं एक कारण ते म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. राजवाड्यात रोज सुक्या बोंबलाची फोडणी पडत नाही.

आमच्या पुतण्याने यावर ‘ऑरगॅनिक’ उपाय काढला. पिठल्याला खरी हळद लावली, पाण्यात कालवून. रंग असा काही फुलला की माझ्या सगळ्या नळ्यांनी मान खाली घातली. पण हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. खिडकीसमोरच्या भिंतीवर पिठलं दिवसेंदिवस पातळ होत गेलं आणि उन्हाळा संपता संपता ताक झालं. उरलंसुरलं पुसून घ्यावं म्हणून आजींनी त्यावरून कपड्याच्या साबणाचं फडकं फिरवलं. हळदीला खार लागला की ती लाल होते, कुंकू करणाऱ्यांना हे पूर्वापार माहीत आहे. पुतण्या शाळेतून आला तेव्हा वाटीत टोमॅटोचं सार होतं. आजी म्हणाल्या, “मला पण कंटाळाच आला होता रोज पिठलं बघून.”

गिऱ्हाइकांच्या सूचना हा वेगळा विषय. रांजणगावच्या एका ओळखीच्यांना गणपतीमुळे मोदकाचं चित्र हवं होतं. उकडीचा मोदक काढायला सोपा, कागद कोरा सोडायचा आणि भोवती सावली द्यायची. चित्र बघून ते म्हणाले, “हा कोकणातला. आमच्यात तळतात.” पुन्हा बर्न्ट सिएना. दुसऱ्या एका घरी भाकरीशेजारी मटणाची वाटी हवी होती, पण सासूबाई माळकरी. शेवटी वाटीवर झाकण काढलं. आत काय ते ज्याने त्याने समजून घ्यावं. तिसऱ्यांनी थाळी पाहिली आणि म्हणाले, “कांदा फोडलेला दाखवा. चिरलेला कांदा हाटेलात देतात.” हा आक्षेप मात्र मी मान्य केला. बुक्कीने फोडलेल्या कांद्याच्या पाकळ्या रंगवण्यात जी मजा आहे, ती कापलेल्या चकत्यांत नाही.

इतकं सगळं पाहून माझं मत असं झालं आहे की आपलं जेवण बेरंगी आहे हा समज खोटा आहे. रंग आहेत, पण ते हळू बोलतात. बाजरीचा करडा, हुलग्याचा तपकिरी, गुळाचा लाल, खर्ड्याचा हिरवा हे रंग स्ट्रॉबेरीसारखे अंगावर धावून येत नाहीत, त्यांना जरा वेळ द्यावा लागतो. आपण तो कधी दिला नाही. परीक्षेपुरतं वांगं काढलं आणि भिंत मोरबीच्या हवाली केली.

म्हणून मोरबीकरांना विनंती, की ब्रोकोलीची सक्ती न करता सुटं वांगं द्या, शिरूर-दौंडमध्ये खपेल. आणि ज्यांना घरीच चित्र लावायचं आहे त्यांनी ते काचेत घालून, शेगडीपासून लांब आणि ऊन न येणाऱ्या भिंतीवर लावावं. पतसंस्थेचं कॅलेंडर थोडं सरकवलं तर संचालक मंडळ रागावणार नाही. भाकरी रंगवायची तर आधी गरम आहे तोवर खाऊन घ्यावी, दुसरी मागून घ्यावी आणि ती रंगवावी. आणि चित्राखाली नाव घालायचं ते भाकरी थापणाऱ्या बाईचं, ठळक अक्षरात. चित्रकाराचं बारीक असलं तरी चालेल.